देवीला विचारलेला दुसरा प्रश्न

शिवदास आला तेव्हा वत्सला पडवीत बसून बोटांना खोबरेल चोळत होती. काजूच्या कारखान्यात अकरा वर्षं बिया फोडून बोटांची टोकं काळी पडली होती, आणि खोबरेलाने ती उजळत नाहीत हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी रोज संध्याकाळी ती चोळायची. काहीतरी चोळलं म्हणजे दिवस संपला असं वाटायचं.

शिवदास तिचा धाकटा दीर. पेडण्याच्या बाजारात त्याचं किराणाचं दुकान. माणूस असा, की राग आला तर त्याचा आवाज चढण्याऐवजी उतरायचा. त्यामुळे घरात त्याला कुणी घाबरत नसे, पण त्याच्यासमोर लबाडी करायला सगळ्यांनाच जड जाई.

"वयनी, देवेश खंय?"

"मैदानार. चेडवांचो खोखो घेता. बसा मा भावजी, चाय टाकतंय."

"चाय नको." त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. चार घड्या घातलेली. घड्या उलगडताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "बँकेचा पत्र इला."

देवेशच्या शिक्षणाच्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. जामीनदार शिवदास. दुकानासाठी जुनी पिकअप घ्यायची म्हणून तो बँकेत गेला, तर साहेबाने हे पत्र त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, आधी हे निस्तरा, मग तुमचं बघू.

"मी भरतंय," वत्सला म्हणाली. कशातून, ते तिला माहीत नव्हतं. शिवदासलाही माहीत होतं की तिला माहीत नाही, म्हणून त्याने विचारलं नाही.

"तां ऱ्हांवदे. ह्या बघ." पिशवीतून त्याने वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली. पुडीत पिटकोळीच्या फुलाची पाकळी होती, एकेकाळी तांबडी असलेली, आता चहाच्या पुडीसारखी तपकिरी. "पाच वर्सां कागदाबरोबर जपून ठेवलंय. देवीन उजवो कौल दिलो म्हणान मी सही केलंय. तेचो माका पश्चात्ताप नाय. तिनाच वाट दाखवल्यान, आता पुढची वाट पण तीच दाखवतली."

वत्सलाने पाकळीकडे बघितलं आणि लगेच स्वतःच्या बोटांकडे. बोटांकडे बघणं सोपं होतं.

त्या पाकळीची गोष्ट पृथ्वीवर तीनच जणांना ठाऊक होती. वत्सलाला, गोपाळ गुरवाला आणि देवी सातेरीला. तिघांपैकी कुणीही आजवर तोंड उघडलं नव्हतं.

वत्सलाचा नवरा गोकुळदास डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजला, आणि त्यानंतर काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने तो गेला. मागे राहिला देवेश. अभ्यासात बेताचा, पण धावायला लागला की तालुक्यातली पोरं फक्त त्याची पाठ बघायची. बी.ए. झाल्यावर तो म्हणाला, शारीरिक शिक्षणाची डिग्री घेतो, शाळेत सर होतो. वत्सलाने त्यातला पुढचा भाग तेवढा ऐकला. सर. ट्रकवाल्याचा मुलगा सर. म्हापशाच्या बसमध्ये कंडक्टर म्हणेल, सरांची आई, इथे बसा. बस रिकामी असली तरी म्हणेल.

इथे जागा मिळाली नाही, तेव्हा कोल्हापूरच्या पलीकडचं एक खासगी कॉलेज शोधलं. दोन वर्षं, फी, राहणं, जेवण, दोन ट्रॅकसूट, सगळं धरून पावणेचार लाख. बँक द्यायला तयार होती, पण जामीन हवा होता. शिवदास म्हणाला, देवीक विचारया. ती हो म्हणाली तर मी सही करतंय.

इथे मोठं काही करायचं तर देवीचा कौल घेतात. घर बांधायचं असो, लग्न जमवायचं असो, आजारी माणसाला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं की नाही असो. गुरव देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे बघत बसतात. उजवीकडची पडली तर हो. डावीकडची पडली तर नाही. शिवदासला त्या सोमवारी दुकान सोडता येईना, देवेश कॉलेजचे कागद आणायला गेलेला. म्हणून वत्सला एकटीच गेली.

तिने विचारलं, "झिलाक ह्या शिक्षणाक घालू?"

डावी पडली. वेळही लावला नाही देवीने. जणू प्रश्न तिला आधीच कुणीतरी सांगून ठेवला होता.

गोपाळ गुरव हात पुसत उठायला लागला. वत्सला म्हणाली, "गोपाळभाऊ, आणखी एक विचारतंय." त्याने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा पाकळ्या भिजवल्या. प्रश्न किती विचारायचे याला देवळात बंदी नव्हती.

तिने विचारलं, "घातलंय तर माझ्या झिलाक धडधाकट ठेवतलंस मा?"

उजवी पडली.

ती उजवी पाकळी तिने पदराच्या गाठीत बांधली आणि थेट दुकानात नेऊन शिवदासच्या हातात ठेवली. "उजवो झालो भावजी," एवढंच म्हणाली. एक शब्द खोटा नव्हता. वाटेत येताना तिने ते वाक्य पाच-सहा वेळा तपासून घेतलं होतं.

त्या एका वाक्यावर शिवदासने सही केली.

डिग्री झाली. देवेश सर झाला. पण सरांमध्येही जाती असतात हे वत्सलाला तेव्हा कळलं. एक महिन्यावर पगार घेणारा सर, आणि एक तासावरचा. देवेश तासावरचा. जेवढे तास घेईल तेवढे पैसे, तासाला दीडशे. भरल्या महिन्यात तेरा हजारांपर्यंत जायचे. चतुर्थीच्या महिन्यात सात. मे महिन्यात शून्य. वाडीत सगळ्यांना सुट्टीचा आनंद व्हायचा आणि वत्सलाच्या घरात कॅलेंडरवरचा प्रत्येक तांबडा आकडा दात काढून हसल्यासारखा वाटायचा.

वरून गणिताच्या बाई. त्यांचा पोर्शन मागे पडला की त्या वर्गाच्या दारात येऊन गोड आवाजात म्हणायच्या, "देवेशसर, आजचा तुमचा तास देता का? तुमचं काय, उड्याच तर मारायच्या." देवेश लाजून हो म्हणायचा. तास गेला की दीडशे गेले. परीक्षा जवळ आली की बाईंच्या मागून विज्ञानाचे सर यायचे, त्यांच्यामागून इंग्रजीच्या बाई. फेब्रुवारीत एकदा देवेशने चार हजार आणून तिच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "आये, ह्या महिन्यात पोरां लय शिकली."

हप्ता साडेसात हजारांचा.

वत्सला सातवी शिकलेली, पण कारखान्यात किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला हिशेब शिकवावा लागत नाही. शिवदासचा मुलगा विशाल आयटीआय करून तुयेच्या कारखान्यात लागला होता. त्याच्या दोन वर्षांच्या फीमध्ये देवेशचे ट्रॅकसूटही आले नसते. त्याला एकवीस हजार मिळत होते, फंड वेगळा, न्यायला-आणायला बस. आता तिथेच एक जागा निघाली होती आणि विशाल देवेशच्या मागे लागला होता. सोमवारी हजर हो, नाहीतर दुसऱ्याला घेतील.

वत्सलाने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने मांडून बघितलं होतं. शाळेत राहिला तर कर्ज फिटेपर्यंत देवेश चाळिशीला टेकेल. तुयेला गेला तर सहा-सात वर्षं. एवढं साधं होतं. मग तिने पेन्सिलीचं खोडून टाकलं, कारण खाली देवेशच्या शाळेच्या सामन्यांच्या तारखा लिहिलेल्या होत्या आणि तिचे आकडे त्यांना लागत होते.

देवेश मुलींचा खोखो संपवून अंधार पडता पडता आला. पायात लाल माती, गळ्यात शिट्टी. काकाच्या हातातलं बँकेचं पत्र बघून त्याला सगळं कळलं. तो उभाच राहिला. सत्तावीस वर्षांचा, दारात मावणार नाही असा गडी, आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा उभा.

"काका, माझ्यामुळे तुमका..."

"तां नाय. तुयेचा काय ठरवलंस?"

देवेशने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "काका, माका जावचा असता तर कधीच गेलंय असतंय. विशाल वर्षभर मागे लागलो आसा. पण देवीन माका ह्या दिल्यान. कॉलेजात ताप येवन पडलंय, फीचे पैशे संपले, तेव्हा मी ह्याच धरून ऱ्हवलंय. देवीन सांगल्यान तर काय तरी असतला. आता पैशे कमी म्हणान सोडलंय तर तिका काय सांगू?"

वत्सला चहाचा टोप घेऊन दारात आलेली. ती तिथेच थांबली.

एरवी देवेश असला देवभोळा माणूस नव्हता. मांजर आडवं गेलं तर तो मांजरासाठी थांबायचा, स्वतःसाठी नाही. पण सगळं गाव ज्याला म्हणत होतं, बाबा तुझा सौदा फसला, त्याला कुणीतरी एकाने तरी हो म्हटलेलं हवं होतं. त्याच्यापाशी ते होतं. पाच वर्षं तो त्यावर उभा होता. आणि ते तिने पदराच्या गाठीत बांधून आणलेलं होतं.

"मगे बरोबर," शिवदास म्हणाला. "जिना धाडल्यान, तिकाच विचारया. सोडू की धरू. आयतवारी सकाळी जावया. चलात मा वयनी?"

"चलात," वत्सला म्हणाली. चहा सांडला तो तिने पायाने पुसला.

शनिवारी कारखान्यातून ती अर्धा दिवस आधी सुटली आणि थेट देवळात गेली. गोपाळ गुरव सभामंडपात बसून समयांना चिंच लावत होता. म्हातारा झाला होता, पण हात अजून नेटका चालत होता.

"गोपाळभाऊ, उद्या भावजी येतले."

"सांगल्यानी हा."

"गाऱ्हाण्यात मागचा काडू नकात. नुसता पुढचा विचारा. तुये की शाळा, इतक्याच."

गोपाळने समई उजेडात धरून बघितली. "जामीन शिवदासाचो, गाऱ्हाणा शिवदासाचा. तो सांगता तसा मी घालतंय. तेणा सांगल्यान, मागच्या कौलापासून सुरू करा."

"तुमका आठवता मा, तेव्हा काय झाला तां?"

"वत्सले, ह्या हातान किती पाकळ्यो लावलंय? खंयची खंय पडली, माका कित्याक आठवतला?" त्याने चिंचेचा गोळा बाजूला ठेवला. "विचारणाऱ्याक आठवता. मी लबाडी केलंय नाय. तू दुसरा विचारलंस, मी दुसरी लावलंय."

म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. ती पायरीवर बसून राहिली. तो बोल लावत नव्हता, हे अधिक वाईट होतं. कुणी चार शब्द सुनावले असते तर ती भांडली असती. भांडणात लाज थोडी तरी वाटून घेता येते.

घरी येताना तिने मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी करून बघितल्या. आजारी पडून बघितलं. देवेशला रात्रीच सगळं सांगून बघितलं. मोठ्या ठसक्यात म्हणूनही बघितलं, की आईने मुलासाठी एवढं केलं तर काय बिघडलं? हे शेवटचं तिने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तिला दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेला शिवदास दिसला, पाकळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळत असलेला. तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं आणि त्याने त्याला थांबवलं होतं. आधी पुडी बांधली, मग साखर तोलली.

रविवारी सकाळी पाववाल्या पदेराचा भोंगा वाजून गेला आणि ते तिघे निघाले. कुणी पोयी घेतल्या नाहीत. देवेशने इस्त्रीचा शर्ट घातला होता. देवळात ओटी भरायला आलेल्या दोन बायका होत्या, सुशीला आणि तिची सून शीतल. त्या काम आटपूनही खांबाला टेकून थांबल्या. कौल बघायला कुणीही थांबतं, त्यात वाईट मानत नाहीत.

गोपाळने देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर पाकळ्या चिकटवल्या. तांबड्या, ओल्या. मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. गाऱ्हाणं म्हणजे गुरवाने देवीसमोर सगळी हकिकत मांडायची आणि प्रत्येक वाक्याला घरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष द्यायची. साक्ष दिली नाही तर गाऱ्हाणं पुढे जात नाही.

"माये सातेरी, गावाचे राखणी, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा."

"गोकुळदासाच्या माघारी ह्या घर तुझ्याच आधारार चालला..."

"व्हय म्हाराजा." वत्सलाही म्हणाली. हे खरं होतं.

"पाच वर्सामागे ह्या झिलाची वाट तुका विचारली. आनी माये, तू उजवो कौल देवन तेका ह्या शिक्षणाक धाडलंस..."

"व्हय म्हाराजा," शिवदास म्हणाला.

"व्हय म्हाराजा," देवेश म्हणाला. डोळे मिटून, मनापासून.

गोपाळ थांबला. गाऱ्हाण्यात गुरव थांबत नसतो, त्याला एक लय असते. पण तो थांबला, हात जोडलेलेच, मान न वळवता. सुशीलाने खांबाला टेकलेली पाठ काढली.

वत्सलाने तोंड उघडलं. पाच वर्षं तपासून ठेवलेलं वाक्य तिला तोंडपाठ होतं, पण ते दुकानात म्हणायचं होतं, इथे नाही.

"नाय," ती म्हणाली.

देवेशने डोळे उघडले.

"तिना धाडूक नाय. डावी पडलेली." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "मी पयला विचारलंय, घालू काय? डावी पडली. मगे मी दुसरा विचारलंय, आनी तेची पाकळी भावजींका नेवन दिलंय."

शीतलने सासूचा हात ओढला, पण सासू हलली नाही.

"दुसरा काय विचारलंस?" देवेशने विचारलं.

"घातलंय तर धडधाकट ठेवतलंस मा, म्हणान."

देवेशने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मांड्या-पोटऱ्या इस्त्रीच्या पँटमध्ये मावत नव्हत्या. तो हसला. ते हसू तिने याआधी त्याच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, आणि पुन्हा बघू नये असं तिला वाटलं. "तां मात्र देवीन पाळल्यान," तो म्हणाला.

शिवदासचा आवाज अगदी खाली गेला. "वयनी, मी सही देवीक बघून केलंय. तुका बघून नाय."

"ठावक आसा."

"माका सांगलं असतंस, डावी पडली, तरी घालूचा आसा, तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. केली असती सही, की नसती, हे तो सांगत नव्हता. कदाचित त्यालाही माहीत नसेल. ते माहीत करून घ्यायची संधी तिने त्याला दिलीच नव्हती.

गोपाळ उठला आणि देवीच्या खांद्यावरच्या पाकळ्या एकेक करून काढायला लागला. "प्रश्नाची सुरवातच खोटी, मगे पाकळी कशार पडतली? खरा ठरवून या. मगे लावया."

"नको, गोपाळआजा," देवेश म्हणाला. "आता तिका नको विचारूया. पुरे झाला." तो काकाकडे वळला, आईकडे नाही. "काका, विशालाक सांगा, मी तुयेक येतंय. पण बुधवारी माझ्या चेडवांची फायनल आसा. दुसऱ्या दिसा, बिस्तारी, हजर झालंय तर चलात काय, विचारा."

"ते सोमवार म्हणतत."

"विचारून बघा. तीन वर्सां शिकवलंय तेंका. तीनच दिवस."

"बघतंय," शिवदास म्हणाला.

देवेश देवळाच्या पायऱ्या उतरून मैदानाच्या वाटेला लागला. रविवार होता, मैदानावर कुणी नसणार होतं. तरी तो तिकडेच गेला, आणि वत्सलाने हाक मारली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने काहीतरी स्वतः ठरवलं होतं. ते तिच्या मनासारखं होतं, तिच्या पेन्सिलीच्या हिशेबासारखं होतं, आणि तिला त्यातला एक कणही आपला म्हणावासा वाटला नाही.

परतताना शिवदास पुढे चालत होता. एरवी तो वहिनीच्या चालीने चालायचा, आज नाही. पण ओहोळावरच्या साकवापाशी, जिथे शेवाळ धरतं, तिथे तो मागे न बघता थांबला. ती पलीकडे पोचेपर्यंत थांबला, मग चालू लागला.

तिच्या फाटकाशी त्याने खिशातून पिशवी काढली. चार घड्या उलगडल्या. पुडी काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवली, काळ्या बोटांना आपली बोटं न लावता.

"ह्या तुझा," तो म्हणाला.

"आनी पत्र?" तिने हात पुढे केला.

त्याने पत्र पुन्हा पिशवीत सरकवलं, चार घड्या घातल्या आणि खिशाचं बटण लावलं. "पत्र ऱ्हांवदे माझ्याकडे. सही माझी आसा." एवढं बोलून तो वळला.

वत्सला फाटकात उभी राहिली. पुडी इतकी हलकी होती की हातात काही नसल्यासारखीच. देवीची पाकळी, केरात टाकता येत नव्हती. देव्हाऱ्यात ठेवायला हात धजत नव्हता. शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काय गो, सकाळीच देवळात? काय पडला?"

वत्सलाने मूठ मिटली. मग तिला आठवलं की आता मिटून काही उपयोग नाही, सुशीला देवळात होती, दुपारपर्यंत वाडीभर होईल. त्यापेक्षा आपल्याच तोंडाने झालेलं बरं.

"डावी," ती म्हणाली. "तेव्हाच पडलेली."